नऊ सेकंदांचा दंड

(माढा येथील तरुणांच्या बैठकीतील भाषणाचा संपादित भाग)



उजनीचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत आले नाही, की आज माढा तालुक्यातला कुणीही मोबाइलवर बोलून व्हिडिओ टाकतो. हुंड्याविरुद्ध मुली बोलतात. अशांना गप्प करायला आता दमदाटी लागत नाही. ‘हा मजकूर माझा आहे, काढा’ एवढा ऑनलाइन अर्ज पुरतो.

यूट्यूबने अशी तक्रार मानली की व्हिडिओ उतरतो, चॅनेलवर स्ट्राइक बसतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले, तर चॅनेलच बंद होऊ शकते. मे २०२५मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला, की ११ आणि ९ सेकंदांच्या चित्रफितींवरून एएनआय या वृत्तसंस्थेने स्ट्राइक लावले आणि ते मागे घेण्यासाठी सुमारे ४५ ते ५० लाख रुपये मागितले. आपण आपला हक्क राखतो, असे एएनआयचे म्हणणे. तिने बदनामीचा दावा लावला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मंगल यांना त्यांच्या व्हिडिओतला काही भाग काढायला सांगितले, हेही नोंदवले पाहिजे. पण चॅनेल जाण्याची भीती डोक्यावर ठेवून झालेला सौदा बरोबरीचा कसा म्हणायचा?

इथे चित्रफिती तरी खरोखर त्या संस्थेच्या होत्या. काहींकडे तेवढाही आधार नसतो. २०१९मध्ये यूट्यूबने अमेरिकेत क्रिस्टोफर ब्रॅडी याच्यावर खटला भरला. माइनक्राफ्ट खेळाचे व्हिडिओ करणाऱ्यांविरुद्ध खोट्या तक्रारी करून तो पैसे उकळू पाहतो, असा दावा होता. अखेर त्याने माफी मागितली, २५,००० डॉलर भरायचे कबूल केले. मला त्यातली दुसरीच गोष्ट अधिक भयंकर वाटते. तक्रारीला उलट नोटीस दिली, की आपले नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो. असा मिळालेला पत्ता वापरून ब्रॅडीने एकाच्या दारात खोट्या वर्दीवर पोलीस पाठवले, असा यूट्यूबचा आरोप होता.

आता आपल्या गल्लीतली हुंड्यावर बोलणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पत्ता नको त्याच्या हाती जाण्यापेक्षा ती व्हिडिओच सोडून देईल. म्हणून लक्षात ठेवा, उलट नोटीस वकिलामार्फतही देता येते. त्यानंतर १० कामकाजाच्या दिवसांत तक्रारदाराने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका आणि चालू घडामोडींच्या वृत्तासाठी वाजवी वापराला मुभा देते. सेकंदांचे माप त्यात कुठेही नाही. कलम ६०प्रमाणे बिनबुडाच्या धमकीविरुद्ध आपणच दावा लावून भरपाई मागू शकतो. मात्र धमकी देणाऱ्याने खरोखरच दावा लावून चालवला, तर हे कलम लागू होत नाही.

मूळ चित्रीकरण जपून ठेवा, तक्रारीचा ईमेल पुसू नका, फोनवर पैसे मागितले तर लेखी मागा. आणि मागे सिनेमाचे गाणे वाजत असेल, तर भांडत बसू नका. ते काढून व्हिडिओ पुन्हा टाका.