स्मृती : निर्णयाची सहचारिणी



निर्णय बुद्धी घेते, असे आपण मानतो. परंतु बुद्धीला आधार स्मृतीचा असतो, आणि स्मृतीचे प्रकार अनेक आहेत.

१९९६ साली नोल्टन, मँगल्स व स्क्वायर या संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. आकृत्या असलेले पत्ते पाहून 'पाऊस की ऊन' हे सांगायचे. पत्त्यांवरून अंदाज बांधता येई, खात्री देता येत नसे. प्रत्येक उत्तरानंतर बरोबर की चूक एवढेच कळे. स्मृतिलोप झालेल्या रुग्णांची उत्तरे हळूहळू सुधारली. मात्र प्रयोगाविषयी विचारता त्यांना नीट सांगता येईना. कंपवाताच्या रुग्णांचे उलट घडले. त्यांना प्रयोग आठवत होता, पण उत्तरे सुधारली नाहीत.

याचे कारण असे की, घडलेल्या प्रसंगांच्या स्मृतीसाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस आवश्यक असतो, तर सरावाने जडणारी सवय मुख्यतः मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लियावर अवलंबून असते.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना सकाळचे बोलणे आठवले नाही, तर "यांना आता काहीच कळत नाही" असा निवाडा आपण घाईने देऊ नये. विसरलेल्या माणसातही शिकलेले बरेच काही शिल्लक असते.

आणि स्वतःविषयीही सावध असावे. आपले कित्येक निर्णय आपल्या नकळत सवयच घेत असते. कोणती सवय जोपासावी, हा निर्णय मात्र आजच, जाणीवपूर्वक घ्यावयाचा असतो.