कोयत्याचा हिशेब



महाराष्ट्राच्या आर्थिक वाढीची गोष्ट साखरेशिवाय पुरी होत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा केला. त्याचं पहिलं गाळप 1950-51च्या हंगामात झालं. शेतकरी कारखान्याचा मालक झाला. पुढे अशा कारखान्यांच्या जोरावर पश्चिम महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालयं, दवाखाने उभे राहिले. हे काम मोठंच आहे.

पण ऊस तोडणारा या मालकीत कुठेच आला नाही. लागवडीच्या थोड्याशा जमिनीवरचा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो, आणि बीडसारख्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच उसावर मजूर म्हणून जावं लागतं. दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये घालायचं, मुलांची शाळा सोडायची आणि उन्हाळा लागेपर्यंत फडावर पालात राहायचं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर असते आणि मजुरी त्यातच वळती होते. बाई बरोबरीने तोडते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते, तरी तिच्या हातात वेगळा रुपया पडत नाही.

एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत खाडे नकोत म्हणून बीडमधल्या कितीतरी बायकांनी ऐन तरुणपणी गर्भपिशवी काढून घेतली. 2019मध्ये राज्य सरकारला त्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. साखरेच्या उत्पादनाच्या कुठल्याही आकड्यात ही किंमत धरलेली नाही.

उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवतं. ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर शेतकऱ्याला व्याज मागता येतं. हा कायदा हवाच. तोडणीचा दर मात्र कारखान्यांचा साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो, आणि त्यासाठी अनेकदा कोयता बंद ठेवावा लागतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण कारखान्याचे सभासद असतील. येत्या वार्षिक सभेत एवढा ठराव मांडा: तोडणीची मजुरी थेट मजुरांच्या बँक खात्यात जमा व्हावी, आणि तिच्यातला निम्मा वाटा बाईच्या स्वतःच्या खात्यात.