घाई कधी, धीर कधी



शाळेच्या आठवणी बाकीचे सांगतीलच. मी हृदयरोगतज्ज्ञ, आणि आपण सगळे आता साठीच्या आसपास आलो. म्हणून तुमच्यातले बरेच जण फोनवर विचारतात तोच प्रश्न इथे घेतो : "तिन्ही नसांत ब्लॉक निघालेत, डॉक्टर बायपास म्हणतात. स्टेंटवर भागणार नाही का?"

आधी एक फरक ध्यानात ठेवा. छातीत अचानक दाबल्यासारखं दुखलं, दरदरून घाम सुटला, कळ हाताकडे गेली, तर ती विचार करण्याची वेळ नाही. १०८ ला फोन करा, देऊळघाटाहून थेट बुलढाणा गाठा, ईसीजी काढा. पण त्रास फक्त चालताना होत असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर विचाराला चार दिवस मिळतात. ते वापरा.

डाव्या मुख्य वाहिनीत किंवा तिन्ही वाहिन्यांत अडथळे, चुन्यासारखा कडक थर, तीन महिन्यांहून जास्त काळ पूर्ण बंद असलेली नस, हा झाला गुंतागुंतीचा आजार. अडथळ्यांची जागा, लांबी, वळणं पाहून 'सिंटॅक्स स्कोअर' काढतात. २२ पर्यंत कमी, ३३ पासून पुढे जास्त. तिन्ही वाहिन्या खराब आणि स्कोअर जास्त, किंवा जोडीला मधुमेह, तर सहसा बायपास अधिक टिकते. २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात मधुमेहींबाबत हेच दिसलं. मात्र पक्षाघाताचं प्रमाण बायपासनंतर जास्त होतं. वय, किडनी किंवा फुप्फुसं साथ देत नसतील, तर स्टेंटचा विचार होतो. कडक चुना खरवडायला हिऱ्याचे कण बसवलेलं, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारं 'रोटाब्लेशन' आहे. तो फोडायला ध्वनिलहरींचा फुगाही आहे.

डॉ. मनमोहन सिंग यांची १९९० मध्ये बायपास झाली, २००४ मध्ये अँजिओप्लास्टी. २००९ मध्ये, पंतप्रधान असताना, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने दिल्लीच्या 'एम्स'मध्ये त्यांची दुसरी बायपास केली. ते ९२ वर्षं जगले. म्हणजे एक वाट घेतली की दुसरी कायमची बंद, असं नसतं.

वावर विकायला काढण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. राशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. स्टेंटच्या किमतीवरही २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे.

आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : स्कोअर किती? सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनी मिळून सीडी पाहिली का? माझ्या जागी तुमचे वडील असते, तर काय निवडलं असतं?

विचारायला लाजू नका. वर्गात हात वर करायला आपल्याला याच शाळेनं शिकवलं.