कुरडई उलटायची कधी?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

दोन उन्हाळ्यांमागे एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी आमच्या गटाकडे उन्हावर चालणारं वाळवणाचं यंत्र घेऊन आले. त्यांच्या अभ्यासाचा प्रकल्प होता. पत्र्याची पेटी, वर काच, आत जाळीचे सहा ट्रे. पोरं गुणी होती. धूळ नाही, कावळे नाहीत, म्हणून आम्हीही खूश. पहिल्या दिवशी कुरडया घातल्या आणि पंचाईत झाली. वरच्या ट्रेपर्यंत आमच्यातल्या निम्म्या जणींचा हात पोचेना. कुरडई उलटायला दार उघडलं की साठलेली ऊब सगळी बाहेर. भरलेला ट्रे एकटीला उचलवेना. पेटीत तापमान किती, हे ते दर अर्ध्या तासाला वहीत लिहीत होते. कुरडई मध्येच उलटावी लागते, हे मात्र चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. घरी कधी वाळवण घातलं असेल तर ना!

पुढच्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. तिची आई पापड लाटून घर चालवते. आल्या आल्या तिनं विचारलं, "मावशी, उलटायचं कधी?" त्या वर्षी पेटी कमरेच्या उंचीवर आली, ट्रे बाजूनं सरकायला लागले. ते यंत्र आजही आमच्याकडे चालू आहे.

हे फक्त कुरडईचं नाही. मोटारीच्या अपघात-चाचणीत बसवायचा पुतळा वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या बांध्याचा असे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं, की पट्टा लावलेला असूनही समोरून धडक बसली तर बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त.

आपल्याकडे आयआयटीत शंभरात दहासुद्धा मुली नसायच्या. २०१८ पासून तिथे मुलींसाठी जादा जागा काढल्या. मुलांची एकही जागा कमी केली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पारावर वेगळंच बोललं जातं.

आता आमच्या गटातलीच गोष्ट. एका ताईंची मुलगी यंदा बी.ई. झाली. तिला एम.टेक. करायचंय, संशोधनात जायचंय. घरी म्हणतात, "आणखी किती शिकवायचं? पैसा कुठून आणायचा? स्थळ आलंय." आम्ही तिच्या घरी गेलो. वडिलांना भाषण दिलं नाही, हिशेब मांडला. गेट परीक्षा पास होऊन मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर केंद्राची शिष्यवृत्ती महिन्याला १२,४०० रुपये. पुढे पीएच.डी.ला सरकारी कनिष्ठ फेलोशिप मिळाली, तर महिन्याला ३७,००० रुपये. वडील जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शिकायचे पैसे देतात?" आम्हालाही हे गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना कशाला हसायचं.

आजी म्हणाल्या, "लग्न, लेकरं झाल्यावर काय?" यूजीसीच्या नियमात त्याचीही सोय आहे. पीएच.डी. करणाऱ्या बाईला बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते, शिवाय प्रबंध पुरा करायला दोन वर्षं जास्त. ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असेल, तर त्यांनाही ही दोन वर्षं मिळतात. कागदावर आहे म्हणजे प्रत्येक ठिकाणी आपोआप मिळतं असं नाही. मागावं लागतं, तेही लेखी अर्ज करून.

स्थळाचं अजून ठरलेलं नाही. पण मुलीनं गेटची पुस्तकं आणलीत आणि रात्री दिवा चालू असतो, एवढं आम्ही बघतोय.

तुमच्या घरची लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असेल, तर तिलाही गेट देता येते. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो, मुलींना फी निम्मी असते, आणि मिळालेले गुण तीन वर्षं चालतात. फॉर्म भरायला अडलं तर गटाच्या बैठकीला तिला घेऊन या. येताना मार्कशीट आणा.