पवित्र शास्त्रातील ‘कारण’ आणि ‘म्हणून’
(महोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती शिरसावंद्य मानून मी आपणापुढे उभा आहे. आपल्या पूर्वजांच्या श्रमांविषयी आणि श्रद्धेविषयी इतर वक्ते बोलतीलच. माझा विषय दिसावयास अगदी लहान आहे. पवित्र शास्त्र वाचताना एका विधानाचा दुसऱ्या विधानाशी संबंध कसा ओळखावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा विषय पंतोजींच्या वर्गातला, असे कोणी म्हणेल. परंतु हा संबंध चुकीचा जोडल्यामुळे आपण दुःखिताचे सांत्वन करावयास जातो आणि त्याला अधिकच दुखवून परत येतो. तेव्हा विषय लहान असला तरी क्षुल्लक नव्हे.

शाळेत आपण सर्वांनी उभयान्वयी अव्यये पाठ केली आहेत. ‘आणि’ हा शब्द दोन गोष्टी शेजारी बसवितो. ‘परंतु’ विरोध दाखवितो. ‘म्हणून’ परिणाम सांगतो. ‘कारण’ हेतू देतो. ‘यासाठी की’ उद्देश प्रकट करतो. ‘जर’ अट घालतो. भिंतीत दगडांइतकेच महत्त्व सांध्यांतील चुन्याला असते, तद्वत् शास्त्रवचनांत ह्या लहान शब्दांना असते. आपण मात्र वचने सुटी पाठ करतो आणि सांधे विसरतो. ह्याला थोडेसे कारण वचनांचे आकडेही आहेत. हे आकडे पवित्र लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन ह्यांच्याकडून आली असे मानतात. नव्या करारातील वचनांचे आजचे आकडे रॉबर्ट एतिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली घातले. आकडे सोयीचे आहेत खरे, पण मैलाचा दगड म्हणजे रस्ता नव्हे.

रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय पाहा. तेथे संत पौल आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला अर्पण करावयास सांगतात. परंतु त्या आज्ञेच्या आरंभीच ‘म्हणून’ अशा अर्थाचा शब्द आहे. मागील अकरा अध्यायांत देवाच्या दयेचे जे वर्णन आले, त्याकडे तो बोट दाखवितो. तो शब्द गाळला तर उरतो नुसता हुकूम. तो ठेवला म्हणजे आज्ञापालन हे दयेला दिलेले उत्तर ठरते.

आता ‘कारण’ ह्या शब्दाकडे वळू. आपली माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि दहिवडीवरून म्हसवडकडे जाते. कोणी म्हणेल, “नदीला पाणी आले, कारण डोंगरात पाऊस झाला.” दुसरा म्हणेल, “डोंगरात पाऊस झाला असावा, कारण नदीला पाणी आले आहे.” दोन्ही वाक्यांत ‘कारण’ आहे, पण दोहोंचे काम एक नव्हे. पहिले ‘कारण’ गोष्ट कशाने घडली ते सांगते. दुसरे, ती आपल्याला कशावरून कळली ते सांगते. आपल्या देशातील नैयायिकांनी पहिल्यास कारक हेतू आणि दुसऱ्यास ज्ञापक हेतू म्हटले आहे. आणि अनुमानाचे उदाहरण म्हणून त्यांनी नदीच्या पुराचाच दृष्टांत घेतला आहे. त्यावर त्यांनीच शंकाही काढली की, पूर काही केवळ पावसानेच येत नाही; वरचा बांध फुटूनही येईल. तेव्हा पाण्याचा वेग, फेस, वाहून आलेली पाने आणि काटक्या अशी सर्व चिन्हे पाहूनच अनुमान करावे. हा सावधपणा शास्त्रवाचकानेही अंगी बाणवावा.

आधी सावधपणा सुटला म्हणजे काय होते ते पाहू. पाप दुःखाला जन्म देते, असे शास्त्र अनेक ठिकाणी सांगते. त्यावरून पुष्कळजण उलट चाल करतात: “हा दुःखी आहे, म्हणून हा पापी असला पाहिजे.” येथे बांध फुटल्याची शंका घेण्यासही ते थांबत नाहीत. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने नेमके हेच अनुमान मोडून काढले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभूने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि ऐकणाऱ्यांना आपापल्या पश्चात्तापाकडे वळविले. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हाही त्याचे नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असेच प्रभूने सांगितले.

माणदेशात हा धडा पुस्तकी नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनने सोसला. १९७२ साली महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांनी खडी फोडून दिवस काढले. अशा वेळी ज्याची विहीर आटली, ज्याची जनावरे दावणीला मेली, त्याच्या अंगणात बसून त्याच्या पापांचा हिशेब मांडणारा मनुष्य आपण शास्त्र बोलतो असे समजतो. वस्तुतः तो शास्त्राचे वाक्य उलटे वाचीत असतो. त्याच्या दारी पाण्याची घागर पोहोचविणे हेच खरे शास्त्रवाचन होय.

दुसरे उदाहरण त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील. शिमोन परुश्याच्या घरी एक पापी स्त्री प्रभूचे चरण आसवांनी भिजविते, केसांनी पुसते आणि त्यांस सुगंधी तेल लाविते. प्रभू शिमोनाला दोन ऋणकोंची गोष्ट सांगतो. एकाचे देणे पाचशे दिनार, दुसऱ्याचे पन्नास. फेडावयास दोघांकडेही काही नाही. सावकार दोघांनाही सोडून देतो. अधिक प्रीती कोण करील? ज्याला अधिक सोडले तो, असे शिमोन म्हणतो. मग प्रभू त्या स्त्रीविषयी सांगतो की, हिच्या पुष्कळ पापांची क्षमा झाली आहे, कारण हिने पुष्कळ प्रीती केली.

हे ‘कारण’ कोणते? कारक म्हणावे, तर प्रीती हे क्षमेचे मोल ठरते. पण दृष्टांतात कर्ज आधी सुटते आणि प्रीती मागाहून येते. शिवाय लगेच प्रभू म्हणतो की, ज्याला थोडी क्षमा झाली तो थोडी प्रीती करतो. मागचे व पुढचे असे दोन्ही सांधे पाहता हे ‘कारण’ ज्ञापक दिसते. आसवे आणि सुगंध हा नदीला आलेला पूर. क्षमेचा पाऊस वर आधीच झालेला आहे. अमेरिकेतील कॅथलिक बायबलच्या १९८६ साली सुधारलेल्या नव्या करारात येथे ‘म्हणून’ अशा अर्थाचाच शब्द योजिला आहे. तिच्या प्रीतीत पश्चात्तापाची थोरवी पाहणाऱ्या जुन्या आचार्यांशी ह्याचा विरोध मानण्याचे कारण नाही. कारण पश्चात्तापाची ती प्रीतीही कृपेचेच दान होय. पापी मनुष्य नीतिमान ठरण्याचा आरंभ त्याच्या पुण्याईने होत नसून देवाच्या कृपेने होतो, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ सालीच शिकविले आहे.

एका शब्दाने एवढा फरक का पडावा? कारण आपल्यातील कित्येकजण “आधी चांगला होतो, मग पापनिवेदनाला जातो” असे म्हणत वर्षानुवर्षे दाराबाहेर उभे आहेत. त्यांनी ‘म्हणून’ चुकीच्या जागी ठेविला आहे. पुराची वाट पाहून मग पाऊस मागणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

तेव्हा माझी विनंती एवढीच. घरी शुभवर्तमान वाचाल तेव्हा एखादे वचन आवडले तर त्याच्या मागचे आणि पुढचे वचनही वाचा. ‘म्हणून’ आला तर कशामुळे, असे विचारा. ‘कारण’ आले तर घडण्याचे की कळण्याचे, असे विचारा. आणि वाक्य सरळ खरे असले तरी उलटेही खरे असेलच असे धरू नका. मुलांनाही हेच शिकवा.

महोत्सवाच्या आनंदालाही एक ‘म्हणून’ आहे. देवाने इतकी वर्षे आपणांवर दया केली, म्हणून आपण आज येथे जमलो. ती दया आपल्या हातून शेजाऱ्यापर्यंत पोहोचो, अशी प्रभुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. आमेन.