घरमालक दुरुस्ती करत नसेल तर

खामगावच्या जुन्या वस्तीत पहिला पाऊस झाला की भाड्याच्या घरात आधी बादल्या मांडल्या जातात, मग भाडं थांबवायच्या गोष्टी सुरू होतात. तेवढं मात्र करू नका! थकलेलं भाडं हे मालकाच्या हातात दिलेलं आयतं कोलीत.

पूर्वी वऱ्हाडात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याचं कलम १४ म्हणतं, करारात वेगळं ठरलं नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. म्हणून आधी करारनामा नीट वाचा.

मग लेखी नोटीस द्या. पोस्टानं दिलेली चालते. स्पीड पोस्टानं पाठवलीत तर पावती हाती राहते. किमान १५ दिवसांची वाजवी मुदत देऊनही मालक हलला नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना ४,००० असेल, तर वर्षाचे ४८,०००, आणि कपात जास्तीत जास्त १२,०००. चार भाडेकरूंनी मिळून छप्पर दुरुस्त केलं, तर ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात. मिस्त्रीची, टिनाची, सिमेंटची पावती जपा. हिशेबाला तोच पुरावा.

आणि रागावून मालकानं नळ किंवा वीज तोडली, तर कलम २९ खाली दिवाणी न्यायालयात अर्ज करता येतो.