पेनड्राइव्ह घरी न्यायचा का?



जून महिन्यात एका शाळेनं बोलावलं म्हणून गेलो. संगणक कक्षाचं कुलूप निघालं आणि दमट धुळीचा वास आला. आत अकरा संगणक, प्रत्येकावर कापडी कव्हर. "सगळे बंद आहेत. निर्लेखनाचा प्रस्ताव जायचाय," शिपाईमामा म्हणाले.

पहिला लावून पाहिला. पडदा काळा, नुसतं टूं टूं. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच, की रॅम नीट बसलेली नाही. वायर काढली, खोका उघडला, रॅमची पट्टी बाहेर घेतली आणि दारात उभ्या असलेल्या आठवीतल्या एका मुलीकडे खोडरबर मागितलं. पट्टीच्या कडेला सोनेरी पट्टे असतात, त्यांच्यावर दमट हवेनं काळपट थर चढतो. तो हलक्या हातानं खोडायचा, मऊ कापडानं पुसायचा आणि पट्टी दोन्ही टोकांना खट्ट वाजेपर्यंत दाबायची. यंत्र सुरू झालं. तारीख दाखवत होतं २००९, कारण आतला नाण्याएवढा सेल संपला होता. पुढच्या संगणकाला मी हातच लावला नाही. तो तिनं केला.

संध्याकाळपर्यंत आठ चालू झाले. उरलेल्या तिघांचे सुटे भाग कामाला आले.

पण सुरू होणं वेगळं आणि चालणं वेगळं. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबला. नव्या विंडोजला जी सुरक्षा चिप आणि जो प्रोसेसर लागतो, ते दोन्ही या यंत्रांत नाहीत. यंत्र धडधाकट, तरी बाद! मला हे पटत नाही. मुलांच्या हातातली वस्तू अशी काढून घेऊ नये.

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स घालावं. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. लुबुंटू किंवा मिंट अशी लिनक्सची हलकी आवृत्ती दोन जीबी रॅमवर चालते. जुनी हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी बसवली, तर फरक मुलांनाही कळतो. यंत्र त्याहून अशक्त असेल तर एकच दणकट संगणक सर्व्हर करायचा आणि बाकीचे त्याला जोडायचे. त्यांनी फक्त पडदा आणि कीबोर्ड सांभाळायचा. गोव्यात या शतकाच्या सुरुवातीला परदेशात वापरून झालेले संगणक आणून लिनक्सवर शाळांमध्ये मांडले गेले, ते याच विचारानं.

मोठं काम मात्र केरळचं. तिथं 'आयटी ॲट स्कूल' हा सरकारी प्रकल्प २००१ साली सुरू झाला आणि पुढं शाळांचं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आलं. त्यांनी शिकवायला बाहेरची माणसं आणली नाहीत, शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं. माझ्या मते सगळं यश या एका निर्णयात आहे. शिक्षकाला येत नसलेली वस्तू कव्हरखालीच राहते, ती कितीही नवी असो. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे छोटे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. शिक्षकांनी तिथून सुरुवात करावी.

अडचणी आहेत. कार्यालयातल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात. त्या युनिकोडमध्ये आणाव्याच लागतात आणि कारकुनाला इन्स्क्रिप्ट कीबोर्डची सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

त्या मुलीला टक्स पेंट आवडलं. लहान मुलांचा चित्रांचा प्रोग्रॅम, मराठीतही चालतो. निघताना तिनं हळूच विचारलं, "सर, हे घरी नेलं तर चालेल?" विकतच्या सॉफ्टवेअरबद्दल या प्रश्नाला मला नेहमी नाही म्हणावं लागलंय. मुक्त सॉफ्टवेअरची प्रत करून देणं हा आपला हक्कच असतो. मी तिला लिनक्सचा पेनड्राइव्ह देऊन टाकला, कसं लावायचं ते वहीच्या पानावर लिहून दिलं आणि घरच्या फाइली आधी दुसरीकडे ठेवायला बजावलं.

पुढच्या सोमवारी ती वही घेऊन आली. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढलं होतं, पण वाय-फाय लागत नव्हतं. तिनं आतल्या कार्डाचा नंबर पेन्सिलीनं नीट उतरवून आणला होता. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं त्याचा ड्रायव्हर शोधायला बसणार आहोत.